त्रेचाळीस ठिकाणचा गाळ

अन्वर,

तुझ्या शोकसभेच्या फ्लेक्सवर चेअरमनसाहेबांचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा होता. वर ते हात जोडून उभे, खाली कोपऱ्यात तू. तोही पॉलिटेक्निकच्या ओळखपत्रावरचा, मिसरूड फुटलेला तू, कारण दुसरा फोटो कुणाकडे नव्हता. माझ्याकडेही नव्हता. बावीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आणि एकमेकांचा फोटो काढावा असं कारण कधी घडलं नाही.

सहा भाषणं झाली. सहाही वक्त्यांनी पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं. तू शेजारी असतास तर कानात विचारलं असतंस, "घनफळ किती म्हणे पोकळीचं?" मला हसू आलं. समोरच्या रांगेतल्या लोकांना वाटलं मी रडतोय, आणि एकानं पाण्याची बाटली पुढं केली. मलाही बोलायला सांगितलं होतं. घसा बसलाय असं सांगून सुटका करून घेतली. घसा ठणठणीत होता. तुझ्याबद्दल मला जे बोलायचं होतं, ते त्या फ्लेक्सखाली उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहितोय.

आधी आपला वाद. तो तू अर्धा टाकून गेलास, आणि हे तुझ्या स्वभावाला धरून नाही.

आपल्या संगणकाचे कार्यक्रम लिहायच्या धंद्यात माणूस गरज पडेल ते शिकत जातो. आज दूध डेअरीचा कार्यक्रम, उद्या बाजार समितीच्या पावत्या. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या लक्षात आलं की आता एकच विषय मुळापासून शिकण्याइतकं बळ आपल्यात उरलंय. वर्षभराचा अभ्यासक्रम, रोज संध्याकाळी दोन तास. मी संगणकीय भूमिती निवडली होती. दोन रेषा कुठं छेदतात, बिंदू शेताच्या आत आहे की बाहेर, दोन हद्दी एकमेकींवर चढल्यात का, असल्या प्रश्नांचं शास्त्र. उत्तर एक आणि स्वच्छ. तुझं म्हणणं, न्यूमेरिकल शीक. ज्या प्रश्नाला सूत्रच नाही, त्याचं उत्तर अंदाजापासून सुरू करून, चुकत, दुरुस्त करत, जवळ जवळ सरकत काढायचं, असली ती विद्या.

"तुला आकार आवडतो कारण आकार हलत न्हाई," तू म्हणालास. गुरुवार होता. खालच्या बॅटरीच्या दुकानात कुणीतरी हॉर्न तपासत होतं, म्हणून तू ओरडून बोलत होतास. "पाणी हलतं बे दत्त्या. सूत्रात बसत न्हाई म्हणून आटायचं थांबत न्हाई."

"तुला येतं ना न्यूमेरिकल? मग मी कशाला शिकू? ऑफिसात दोन माणसं, दोन विद्या. हिशोब सरळ आहे."

"मला येतं म्हणूनच शीक म्हणतो. माझी चूक मला दिसत न्हाई. कुणीतरी तपासणारा पायजे."

यावर मी म्हणालो, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तुझ्या जावयाचा फोन आला. चहा पिऊन तू आडवा झालास तो उठलाच नाहीस, असं तो म्हणाला. उत्तर कुणाला सांगायचं, हे मला त्या दिवसापासून कळेना.

आता काहीतरी सांगावंच लागणार आहे. सोमवारी पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळाची बैठक आहे. तलावात पाणी किती आहे ते पट्टीवर दिसतं, पण ते किती दिवस पुरेल ते दिसत नाही. चाऱ्यासाठी उन्हाळी कडवळ पेरायला परवानगी द्यायची की नाही, हे त्याच बैठकीत ठरेल. चारा पेरला आणि पाणी मध्येच संपलं तर बियाणंही गेलं, पाणीही गेलं आणि जनावरं छावणीच्या वाटेला. चेअरमन नानांना मात्र माझ्याकडून बैठकीसाठी सगळ्या शेतांचा रंगीत नकाशा हवाय. दहा फूट रुंद. सभासदांना आपलं शेत हिरव्या रंगात बघून बरं वाटेल, असं ते म्हणतात. दुष्काळात तेवढं तरी हिरवं. सोमवारपर्यंत मी एकच काम करू शकतो: तुझं अर्धवट राहिलेलं दिवसांचं गणित, नाहीतर नानांचा नकाशा. नकाशा मला झोपेतही काढता येतो. तुझं गणित मला येत नाही.

खरं तर माझ्या भूमितीची फजिती तू संस्थेच्या पहिल्याच वर्षी पाहिली होतीस. आठवतंय ना? तलावाखालच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढली, ज्याचं जेवढं क्षेत्र त्याला तेवढं पाणी असं ठरलं, आणि क्षेत्र मोजायचं काम आपल्याकडं आलं. मी मोबाइलसाठी कार्यक्रम लिहिला. शेतकऱ्यानं मोबाइल हातात धरून बांधावरून एक फेरा मारायचा, की क्षेत्रफळ हजर. आपण दोघांनी पॉलिटेक्निकच्या मैदानावर तो तपासला होता, धावपट्टीवरून, सगळे धावतात त्या दिशेनं. उत्तर गुंठ्यापर्यंत बरोबर आलं. मी चहा पाजला.

मग दीडशेच्या वर शेतं मोजून आली आणि सगळीच्या सगळी उणे. उणे एकसष्ट गुंठे, उणे दोन एकर. बेरीज केली तर संस्थेकडं शून्यापेक्षाही काहीशे एकर कमी जमीन होती. नाना म्हणाले, "पाऊस न्हाई हे ठाऊक हाय, पर जमीनबी वजा झाली का काय?"

दोन दिवस मी सूत्र तपासत बसलो. सूत्रात काही चूक नव्हती. शेत डाव्या हाताला ठेवून फिरलं तर क्षेत्रफळ अधिक येतं, उजव्या हाताला ठेवून फिरलं तर उणे. आणि आपल्या भागात बांधावर फेरा मार म्हटलं की माणूस प्रदक्षिणाच घालतो. शेत उजव्या हाताला. एकालाही उलटं फिरावंसं वाटलं नाही. का वाटेल? उलटं फिरणं मयतीचं.

तू खुर्चीतून घसरायच्या बेतात हसत होतास. "आरं, आमचे हाजी काब्याला डावीकडं ठेवून फिरतात. मला मोजाय लावलं असतं तर सगळी जमीन बरोबर आली असती. तुझं सूत्र मुसलमान हाय बे!"

मी उणे चिन्ह पुसून टाकायची एक ओळ कार्यक्रमात घातली आणि विषय मिटला असं समजलो. ती एक ओळ कौसाबाईला भोवली.

कौसाबाईच्या शेतामधून ओढा जातो, आणि ओढा ओलांडायला मधोमध दगड टाकलेत. त्या वरच्या तुकड्याच्या कडेनं दगडांपर्यंत आल्या, ओलांडून पलीकडं गेल्या, आणि उजवीकडं बाभळीचे काटे म्हणून डावीकडून खालचा तुकडा फिरल्या. वाट झाली इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. वरचा तुकडा उजव्या हाताला, खालचा डाव्या. माझ्या कार्यक्रमानं वरच्यातून खालचा वजा केला, उरलेल्याचं चिन्ह पुसलं आणि चार गुंठे असं छापून मोकळा झाला. कुणाला किती वेळ पाणी ते सांगणाऱ्या पाळीपत्रकात त्यांच्या नावापुढं काही मिनिटं आली.

त्या पाळीपत्रक घेऊन ऑफिसात आल्या होत्या. उभ्याच राहिल्या. "चार गुंठे? साहेब, माझा गोठाच चार गुंठ्याचा हाय. मग मी कडवळ काय म्हशीच्या पाठीवर पेरू?"

मी त्यांना सांगितलं की यंत्र चुकत नाही. हे वाक्य मी खरंच उच्चारलं, आणि तू ते ऐकलंस. मग तू आलेखाचा कागद काढलास, त्यांची वाट त्यावर उतरवलीस आणि पेन्सिलीनं चौकोन मोजायला लागलास. पूर्ण चौकोन, मग अर्धे, मग कोपऱ्यातले तुकडे दोन-दोन जोडून. अर्धा तास लागला. "दोन एकर. गुंठाभर इकडं-तिकडं."

"गुंठाभर इकडं-तिकडं म्हणजे?" मी चिडून विचारलं. "हे काय मोजमाप आहे?"

"हौ, गुंठाभर चुकलं असंल. तुझं शहात्तर गुंठ्यांनी चुकलंय, पर एकदम नेमकं."

कौसाबाई तुझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्यो बरा हाय. ह्यो मोजतोय तरी." मला त्या साहेबच म्हणत राहिल्या, तुला तेव्हापासून अन्वर म्हणायच्या. यात बढती कुणाची होती, ते मला तेव्हाच कळलं होतं.

इथवर लिहिणं सोपं होतं. आता जे लिहायचंय त्यासाठीच घसा बसवला होता.

गेल्या वर्षी पाऊस असाच गेला. बैठकीत तू सांगितलंस, पाणी मेच्या मध्यापर्यंत पुरेल, कडवळ पेरा. एप्रिल संपायच्या आत तलावाचा तळ उघडा पडला. कडवळ गुडघ्याएवढं होऊन वाळलं. कौसाबाईंनी एक म्हैस सिरसाळ्याच्या बाजारात नेऊन विकली. पुढच्या बैठकीत नानांनी तुला सगळ्यांसमोर उभं केलं. "अन्वरभाई, तुमचं ते कॉम्प्युटर पंचांग जरा आमच्या गुरवाला दावा. तो तरी नीट सांगंल." संचालक हसले. तू म्हणालास, "माझा अंदाज चुकला, नाना. माफी करा." आणि बसलास.

मी शेजारी होतो. मी काही बोललो नाही.

तुझं गणित असं चालायचं: आज पाणी किती उंचीवर, त्या उंचीवर तलाव किती पसरलेला, तेवढ्या पसाऱ्यातून आज किती वाफ होईल, पाटात किती सोडलं, गावानं किती प्यायलं. ते वजा करून उद्याची उंची. उद्यावरून परवा. पाणी संपेपर्यंत. यात तलाव कोणत्या उंचीवर किती पसरतो आणि त्यात किती पाणी मावतं, हा तक्ता मी दिला होता. तलाव बांधला तेव्हाच्या जुन्या नकाशावरून, एकेक वळण गिरवून, दशांशाच्या तीन घरांपर्यंत. मला त्याचा अभिमान होता. त्या नकाशानंतर तलावात इतक्या वर्षांचा गाळ बसलाय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते आलं तुला उभं केलं त्या बैठकीच्या आदल्या दिवशी, उघड्या पडलेल्या तळाचे फोटो बघताना. म्हणजे नाना तुला उभं करत होते तेव्हा मला माहीत होतं. तू माफी मागत होतास तेव्हाही माहीत होतं.

पुढं मी स्वतःला सांगत राहिलो की तुला हे सवडीनं सांगू. सवड पुष्कळ मिळाली. नऊ महिने रोज, आणि दिवसातून तीनदा चहा.

परवा कौसाबाई आल्या होत्या. शोकसभेला त्या मागं बायकांत बसल्या होत्या, त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. परवा मात्र खुर्चीत बसल्या, तुझ्याच, आणि म्हणाल्या, "वही घावली का तुमाला?"

"कुठली वही?"

"आवो, गाळाची. गेल्या उन्हाळ्यात तळं कोरडं पडलं तवा अन्वर यायचा न्हाई का. गवंड्याची ती पाण्याची नळी आसती, सपाटी बघायची, त्याचं एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या. तळ्यात उभ्या भेगांवरनं फिरलो आमी. चार सकाळी लागल्या. माझ्या तर टाचा फुटल्या."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यानं?"

"म्या बी इचारलं की. म्हन्लं, त्या दुसऱ्या सायबाला कावून न्हाई आणलं? तर म्हन्ला, त्याच्या नकाशाला ऊन सोसत न्हाई." मग त्यांनी माझं तोंड बघितलं असावं. "गमतीनं म्हन्ला, साहेब. तुमच्यावर लई जीव त्याचा."

वही तुझ्या खणात, चहाच्या गाळणीखाली होती. त्रेचाळीस ठिकाणं. प्रत्येकापुढं दोन आकडे: दत्त्याचा तळ, खरा तळ. कुठं हातभर गाळ, कुठं माणूसभर. मग आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून केलेला नवा तक्ता. आणि शेवटच्या पानावर यंदाचं गणित सुरू करून सोडलेलं, सहा दिवसांपर्यंत. मी वही दोनदा उलटून पाहिली. कुठंतरी मला एक शिवी असेल असं वाटलं होतं. तेवढी तरी ठेवायचीस. एका समासात फक्त लिहिलंयस: "हे दत्त्यानं एकदा तपासावं."

म्हणजे तुलाही माहीत होतं. माझ्याइतकंच, माझ्याइतके दिवस. मी बोलेन म्हणून तू थांबलास का? की मला लाज वाटू नये म्हणून गप्प राहिलास? तू असा मनाचा मोठेपणा करणारा माणूस नव्हतास. कॅरममध्ये एका सोंगटीवरून चार दिवस अबोला धरणारा तू. म्हणून मला हे उलगडत नाही, आणि आता उलगडणारही नाही. मला तुझा रागही आला. नऊ महिने मला एकट्याला अपराधी राहू दिलंस. दोघं मिळून राहिलो असतो तर निदान भांडता आलं असतं.

बाकी आभार कसे मानतात ते आपल्याला शिकवलेलं नाही. फ्लेक्सवर मानतात.

मी नानांना नकाशाचं नाही म्हणून कळवलं आणि वही घेऊन बसलो. सातव्या दिवसापासून. पहिला प्रयत्न आठवड्या-आठवड्याच्या उड्या मारत केला, लवकर आटपावं म्हणून. शेवटच्या उडीला तलावात उणे पाणी आलं. हे चिन्ह माझ्यामागं लागलंय. पण या वेळी ते पुसलं नाही. उड्या लहान केल्या, एक-एक दिवसाच्या. मग पुढं काय चुकतंय ते दिसायला लागलं. तुझ्या तक्त्यात दोन ठिकाणी बेरीज चुकली होती. तपासली, दुरुस्त केली, समासात माझी सही केली. तुझी चूक तुला दिसत नाही, हे अगदी खरं होतं.

इथपर्यंतचं रविवारपर्यंत थोडं थोडं लिहिलं होतं. बैठक काल झाली.

नानांनी सुरुवातीला तुझ्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. अर्ध्या मिनिटात त्यांचा फोन वाजला आणि तो त्यांनी घेतला. मग मला विचारलं, "बोला. पाणी किती दिवस?"

मी उभा राहिलो. म्हणालो, आधी गेल्या वर्षीचं सांगतो. अन्वरचं गणित चुकलं नव्हतं. त्याला तलावाचा तक्ता मी दिला होता, तो जुना होता, त्यात गाळ धरलेला नव्हता. हे मला त्याला उभं केलं त्या बैठकीच्या आदल्या दिवशी कळलं होतं. कळूनही मी गप्प बसलो. त्यानं माफी मागितली, ती माझी होती.

कुणी काही बोललं नाही. तुला ही शांतता आवडली असती. आधीची अर्ध्या मिनिटात मोडली होती, ही पूर्ण दोन मिनिटं टिकली. मग नाना म्हणाले, "मग तवा कावून बोलला न्हाईत?"

"लाज वाटली म्हणून."

"आन् आता न्हाई वाटत?"

"आता जास्त वाटतेय. म्हणून बोललो."

नानांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. "बरं. फुडं बोला."

सगळ्यांनी पूर्ण क्षेत्रावर कडवळ पेरलं तर पाणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपेल, पीक हाताशी यायच्या आत. प्रत्येकानं निम्म्यावर पेरलं तर एप्रिलच्या शेवटापर्यंत निभेल, आणि चारा कापून होईल. सहा दिवस इकडं-तिकडं.

"इकडं-तिकडं न्हाई चालणार," दुसऱ्या टोकाला बसलेले एक संचालक म्हणाले. त्यांचं शेत संस्थेत सगळ्यात मोठं. निम्मं सोडायचं म्हणजे त्यांनाच जास्त सोडावं लागणार. "नक्की तारीख द्या. न्हाईतर आमी पेरतो."

गेल्या वर्षीचा मी असतो तर एक तारीख दिली असती. दशांशासकट. म्हणालो, "नक्की तारीख मला माहीत नाही. जो नक्की सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सहा दिवस अलीकडचं धरून पेरा."

कौसाबाई संचालक नाहीत, पण दाराशी उभ्या होत्या आणि त्यांना कुणी आत बोलवावं लागत नाही. "निम्मं तर निम्मं," त्या म्हणाल्या. "गेल्या साली सगळं पेरलं आन् सगळं वाळलं. मला गुडघ्याएवढं दोन एकर नगं. डोक्याएवढं एक एकर बास."

हात वर झाले. निम्म्याचा ठराव मंजूर झाला, दोन विरोधात. ठरावात तुझं नाव घालावं असं मी सुचवलं. नाना म्हणाले, नाव कशाला, फ्लेक्स लावू. मी हात जोडले.

अभ्यासक्रमाचा अर्ज भरला. न्यूमेरिकल. तू जिंकलास असं समजू नकोस. भूमितीबद्दलचं माझं मत तेच आहे, आणि जिवंत असतास तर याच्यावर आणखी दहा वर्षं भांडलो असतो. पण तपासणारा हवा होता तो मी व्हायचं ठरवलंय. उशिरा ठरवलं. तरी ठरवलं.

आज सकाळी तलावावर गेलो होतो. पट्टी वाचली. माझ्या आकड्यापेक्षा पाणी दोन बोटं खाली आहे. वारा जास्त असेल, किंवा पाटकऱ्यानं पाटाचं दार पूर्ण बंद केलं नसेल, किंवा मी कुठंतरी चुकलोय. वहीत दोन्ही आकडे लिहिले, माझा आणि पाण्याचा, शेजारी शेजारी. मग माझा खोडला, आणि उद्याचं गणित पाण्याच्या आकड्यापासून सुरू केलं.